सुट्टीचे घर आणि निवृत्तीचे गाव

शुक्रवारी संध्याकाळी मुंबई-पुण्याहून घाटाकडे आणि समुद्राकडे मोटारींची जी रांग लागते, तिच्यात बसलेल्या पुष्कळ कुटुंबांच्या मनात अलीकडे एक मनसुबा पक्का होऊ लागला आहे. आज जेथे दोन रात्री काढावयास जावयाचे, तेथेच एखादे टुमदार घर विकत घेऊन ठेवावे. नोकरी आहे तोवर ते सुट्टीस उपयोगी पडेल, पोराबाळांना मोकळे रान मिळेल, आणि पुढे सेवानिवृत्त झाल्यावर शहरातील बिऱ्हाड मोडून तेथेच कायमचा मुक्काम हलवावा, असा तो मनसुबा आहे. वरवर पाहता तो शहाणपणाचा आहे. पगार चालू असतानाच हप्ते फिटतात, जमिनीचा भाव वाढला तर तो लाभ वेगळाच, आणि आयकराच्या कायद्याने 2019-20 या आर्थिक वर्षापासून स्वतःच्या वापरातील दुसऱ्या घरावरही काल्पनिक भाड्याचे उत्पन्न धरणे सोडून दिल्यामुळे तीही टोचणी उरलेली नाही. परंतु या हिशेबात दोन निरनिराळी माणसे एकच धरली गेली आहेत. घर निवडणारा असतो तो पंचेचाळीस वर्षांचा, शुक्रवारी रात्री चार तास मोटार हाकून आलेला आणि रविवारी दुपारी परत निघणारा. त्या घरात राहावयाचे असते ते सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या आणि अंधारात वाहन चालविणे डोळ्यांपायी सोडून दिलेल्या गृहस्थाला.

पहिल्याला बाजारपेठेपासून, माणसांच्या गलक्यापासून आणि शक्य तर मोबाइलच्या घंटीपासूनही दूर जावयाचे असते, म्हणून गावाबाहेरची, टेकडीच्या टोकावरची किंवा अगदी पुळणीलगतची जागा त्याच्या नजरेत भरते. आणि ज्या गुणांसाठी ती जागा त्याने पसंत केली, नेमके तेच गुण वीस-पंचवीस वर्षांनी दुसऱ्याच्या मुळावर येतात. माझे मत असे आहे की, या दोघांच्या गरजांत जेथे जेथे कलह उत्पन्न होईल तेथे निवाडा सत्तरीच्या माणसाच्या बाजूने द्यावा, कारण पंचेचाळिशीच्या माणसाला गैरसोय दोनच दिवस सोसावयाची असते. असा निवाडा देत गेले म्हणजे निवड डोंगराच्या माथ्यावरून आणि वाळूच्या काठावरून हळूहळू खाली उतरत तालुक्याच्या गावी येऊन पोहोचते. ही शिफारस ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो हे मला ठाऊक आहे.

निवृत्तीसाठी गाव निवडण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. इंग्रजी अमदानीत शिरस्तेदार, मामलेदार, मुन्सफ, हेडमास्तर अशी मंडळी जिल्ह्याजिल्ह्यांतून नोकऱ्या करून पेन्शनीत निघाली की पुण्यास येऊन राहत, आणि त्यावरूनच पेन्शनरांचे गाव हा लौकिक पुण्याच्या वाट्यास आला. ही मंडळी काही देखाव्यासाठी पुण्यास आली नव्हती. हवा कोरडी, भाजी ताजी, डॉक्टर-वैद्य हाकेच्या अंतरावर, न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेसारखी ज्ञानसत्रे, वाचावयास वाचनालय आणि वाद घालावयास समवयस्क, एवढ्या गोष्टी त्यांना पुरेशा होत्या. सुट्टीची ठिकाणे निराळी असत. लोकमान्य टिळकांचे सिंहगडावर घर होते व उन्हाळ्यात ते तेथे राहावयास जात. पण गडावर कायमचे बिऱ्हाड करावे असा त्याचा अर्थ कोणी केला नाही. सर जॉन माल्कम यांनी वसविलेले महाबळेश्वर काय किंवा ह्यू मॅलेट यांनी 1850 साली शोधून काढलेले माथेरान काय, ही मुळातच हंगामी स्थळे होती. पाऊस तोंडावर आला की महाबळेश्वरची साहेबमंडळी कागदपत्रे आवरून खाली उतरत. ज्यांनी ती गावे वसविली त्यांनाही तेथे बारा महिने राहावयाचे नव्हते, ही गोष्ट आजचा ग्राहक विसरतो.

विश्रांतीच्या घराच्या दैवात काय लिहिलेले असते, याची दोन उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत. नाना फडणिसांनी वाईजवळ मेणवलीस कृष्णाकाठी प्रशस्त वाडा आणि सुरेख घाट बांधला. परंतु कारभाराने त्यांना अखेरपर्यंत सोडले नाही आणि 1800 साली ते वारले ते पुण्यात. दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीस आणून ठेवले, आणि पुढे 1910 साली पुरा झालेला त्याचा राजवाडा समुद्राच्या बाजूस तोंड करून आजही टेकडीवर उभा आहे. त्या सज्जातून दिसणारा देखावा आजच्या कोणत्याही बांधकाम व्यावसायिकाने आपल्या जाहिरातीच्या पहिल्या पानावर छापावा इतका रमणीय आहे. तथापि ज्याच्यासाठी तो वाडा बांधला त्याला 1916 साली मृत्यू येईपर्यंत तेथून हलण्याची मुभा नव्हती, आणि ज्याला हलता येत नाही त्याला देखाव्याचे कौतुक किती दिवस पुरावे? म्हातारपणी आपल्यावर कोणी पहारा बसवीत नाही हे खरे, पण गुडघे, डोळे आणि लांबचा रस्ता हे तिघे मिळून तेच काम करू शकतात.

आता कोकणाची गोष्ट घेऊ, कारण मनसुब्यांची गर्दी सर्वांत अधिक तिकडेच आहे. कोकणातील घर पाहावयास ग्राहक जातो तो बहुधा डिसेंबर-जानेवारीत. हवेत सुखद गारवा असतो, कलमांना मोहोर आलेला असतो, समुद्र निवळशंख असतो आणि दलाल अगत्याने सोलकढी पाजतो. तेच घर आषाढात, आठवड्याच्या मधल्या वारी, एकट्याने जाऊन पाहावे. अंगणातून ओसरीवर चढणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेले असते आणि त्या तीन पायऱ्या उतरताना तरणा माणूसही भिंतीचा आधार शोधतो. सागवानी नसलेली दारे पाण्याने फुगून चौकटीत अडकतात, त्यामुळे कडी लागत नाही आणि लागली तर निघत नाही. मे महिन्यात बंद करून ठेवलेले कपाट उघडले की चामड्याच्या पट्ट्यावर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर हिरवट-पांढरी बुरशी फुललेली दिसते. वाळत घातलेली चादर तिसऱ्या दिवशीही ओलसर लागते. जुन्या घरांत चुलीवरच्या वलणीला कपडे सुकवीत, आता चूलही नाही. समुद्रापासून अर्ध्या कोसाच्या आत घर असेल तर खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज, फ्रिजची पाठ आणि स्लॅबमधील सळ्या यांना गंज चढत राहतो, आणि कौलारू छप्पर असेल तर माकडांची टोळी एका सकाळी इतकी कौले फोडून जाते की ती शाकारणारा माणूस मिळेपर्यंत घरात बादल्या मांडून बसावे लागते. हे सारे गावच्या माणसाला अंगवळणी पडलेले असते, आणि त्याची तजवीज करण्यास लागणारी माणसेही त्याच्या ओळखीची असतात. सुट्टीच्या घराच्या धन्याला यांतले काहीच दिसत नाही, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याच्या घराला कुलूप असते.

आणि वर्षे काही सगळी सारखी नसतात. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले आणि कित्येक वाड्यांत पुन्हा दिवा लागावयास काही आठवडे गेले. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे पाणी नाही, आणि मोबाइलचे मनोरे बंद म्हणजे मुंबईच्या मुलाला खुशालीचा निरोप देण्याचीही सोय नाही. त्या दिवसांत ज्यांच्या घराला कुलूप होते त्यांचे छप्पराचे नुकसान झाले. जे म्हातारे जोडपे तेथे राहत होते त्यांना विहिरीतून रहाटाने पाणी काढून देणारा शेजारी होता की नव्हता, यावर सारे अवलंबून होते.

पाण्याविषयी स्वतंत्रपणे दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात पाणी कमी पडेल ही गोष्ट देशावरच्या माणसाला खरीच वाटत नाही. कोकणचा कातळ जांभ्याचा आहे, जांभा सच्छिद्र असतो, आणि जमीन समुद्राकडे उतरती असल्याने पडलेले पाणी पाहता पाहता झिरपून अथवा वाहून निघून जाते. म्हणून जुलैत ज्या वाडीत रस्त्याचा ओढा होतो त्याच वाडीत एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहत हंडे मांडलेले असतात. विहीर बारमाही आहे काय, हा प्रश्न जागेच्या मालकाला विचारण्यात अर्थ नाही. तो शेजारणीला विचारावा, आणि मे महिन्यात विचारावा.

डोंगरावरील जागांचा निकाल मात्र मी थोडक्यात लावीन. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून अठरा-वीस किलोमीटरांवरील पाचगणीत त्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकाच. तेव्हा ‘थंड हवेचे ठिकाण’ या एका शब्दप्रयोगाखाली दोन्ही गावे घालणाऱ्या जाहिरातीवर विसंबू नये. शिवाय महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून आणि माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे, त्यामुळे तेथे आज दिलेले बांधकामाचे आश्वासन उद्या नोटिशीत रूपांतरित होऊ शकते. डोंगर फोडून सपाटी केलेल्या उतारावर घर बांधणाऱ्यांनी माळीण (2014), तळिये (2021) आणि इरशाळवाडी (2023) ही दरडीखाली गाडल्या गेलेल्या वस्त्यांची तीन नावे विसरू नयेत. ती वाडी-वस्तीची गावे होती, बंगल्यांची नव्हती, परंतु पावसाने भिजून जड झालेली माती बंगला आणि झोपडी यांत भेद करीत नाही. आणि ज्यांना वाटते की एखाद्या मोठ्या कंपनीने वसविलेल्या आखीव नगरात पैसा सुरक्षित राहतो, त्यांनी वरसगाव धरणाच्या काठच्या लवासाचे चरित्र वाचावे : 2010 साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याची नोटीस काढली आणि 2018 साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. रस्ता कोणी झाडावयाचा, दिवे कोणी लावावयाचे, या प्रश्नाचे उत्तर गावात नगरपालिका देते, वाईट का होईना; कंपनी मोडली की ते देणारे कोणी उरत नाही.

प्रकृतीच्या बाबतीत लोक विचार करतात तो एकाच प्रसंगाचा, म्हणजे मध्यरात्री छातीत कळ येण्याचा. त्या प्रसंगासाठी अंतर मोजणे आवश्यक आहेच, आणि ते किलोमीटरांत न मोजता पावसाळ्यातील रात्रीच्या मिनिटांत मोजावे. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण 2011 च्या सुमारास सुरू होऊन किती वर्षे रेंगाळले हे ज्यांनी भोगले आहे, त्यांना नकाशावरील अंतर आणि रुग्णवाहिकेचे अंतर यांतील फरक समजावून सांगावयास नको. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका ही मोठी सोय झाली आहे. पण ती आल्यावर रोग्याला नेणार कोठे? सिंधुदुर्गातील गंभीर रोगी आजही पुष्कळदा हद्द ओलांडून गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नेला जातो, तर चिपळूणच्या आसपासच्या लोकांना डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाचा आधार आहे. समुद्रकाठचे एखादे सुंदर गाव या दोन टोकांच्या मध्ये कोठे येते, याचा तपास विसारपावती करण्याआधी करावा. तथापि माझ्या मते वार्धक्याचा खरा वैद्यकीय प्रश्न त्या एका रात्रीचा नसून बाकीच्या दिवसांचा असतो. रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या असतात, कवळी सैल होते, मोतिबिंदूसाठी चार खेपा घालाव्या लागतात, दर तीन महिन्यांनी साखर तपासून घ्यावी लागते, आणि नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येत असला तरी नेटवर्क लागतेच. ही कामे चालत जाऊन होतात की प्रत्येक वेळी कोणाची तरी गाडी मागावी लागते, यावर म्हाताऱ्या माणसाचा स्वाभिमान टिकतो किंवा जातो. तालुक्याच्या गावातील डॉक्टरला कमी लेखण्याचेही कारण नाही. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध प्राण वाचविते, हे जगाला दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी ते काम कोणत्या महानगरातील संस्थेत नव्हे, महाड भागातील रोग्यांच्या उशाशी बसून केले.

आता दप्तराकडे वळू. येथे घाई करणाऱ्याला पश्चात्ताप ठरलेला आहे, म्हणून वाचकांनी जरा धीर धरावा. ग्राहकाच्या हाती दलाल सातबाराचा उतारा देतो आणि ग्राहक त्यावर विकणाराचे नाव आहे एवढे पाहून समाधान पावतो. वस्तुतः वाचावयाचा असतो तो ‘इतर हक्क’ हा रकाना. कुळाची नोंद, बँकेचा अथवा सोसायटीचा बोजा, कोणाची विहिरीवरील पाळी, कोणाची जाण्यायेण्याची वाट, पोटहिस्स्याचा वाद, हे सारे तेथे बारीक अक्षरांत दडलेले असते. त्याच्या जोडीला भोगवटादार वर्ग 1 आहे की वर्ग 2 हे पाहावे, कारण वर्ग 2 ची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून हस्तांतरित होत नाही. कोकणात तर एकेका उताऱ्यावर पणजोबाच्या वेळेपासून वारस लागत गेल्याने वीस-पंचवीस नावे सामाईक असतात. त्यांतले निम्मे गिरणगावातून डोंबिवली-विरारकडे गेलेले, दोघे आखातात, एक आत्या माहेरी न बोलणारी, आणि एखादा असा की तो हयात आहे किंवा नाही हे भावकीलाही सांगता येत नाही. यांपैकी चौघांच्या सह्या घेऊन ‘बाकीचे येतील’ असे जो सांगतो त्याच्या चहाचे पैसे देऊन उठावे.

शेतजमीन तर बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून घेताच येत नाही. 1948 च्या कुळवहिवाट अधिनियमाचे कलम 63 त्याला आडवे येते. तरीही ‘तुमचा शेतकरी दाखला आम्ही करून देतो’ म्हणणारे महाभाग प्रत्येक तालुक्याच्या कचेरीबाहेर भेटतात. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याला बगल देऊन गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनींचा ढीगही थोडा नाही. शासनाने त्या कायद्याचे नियम वेळोवेळी सैल केले आहेत, पण ‘पुढे नियमित होईलच’ या भरवशावर आयुष्याची पुंजी लावणे हा जुगार आहे. समुद्रकाठी आणखी एक हद्द असते, जी मोजणीच्या दगडाने दाखविली जात नाही. सागरी किनारा नियमनाची पहिली अधिसूचना 1991 ची आणि सध्याची 2019 ची. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवीन बांधकामास सामान्यतः मज्जाव आहे, आणि ‘लाटांचा आवाज ऐकू येणारे’ म्हणून विकले जाणारे घर नेमके त्या पट्ट्यात असण्याची शक्यता दांडगी असते. तयार प्रकल्पातील घर अथवा भूखंड असेल तर महारेराची नोंदणी पाहावी. ठरावीक आकाराहून मोठ्या प्रकल्पाला ती सक्तीची आहे. साठेखत म्हणजे खरेदीखत नव्हे, आणि कुलमुखत्यारपत्रावर विकणारा मनुष्य मालकाला एकदा तरी समोर आणून उभा करीत नसेल तर तेथून निघावे.

आणि रस्ता! घरापर्यंत जाणारी वाट कोणाच्या मालकीची आहे हा प्रश्न सुट्टीच्या दिवसांत कोणालाच सुचत नाही, कारण त्या दिवसांत सगळे हसून हात करतात. वाट शेजाऱ्याच्या सर्व्हे नंबरातून जात असेल आणि तिची वहिवाट कोठेही नोंदलेली नसेल, तर शेजाऱ्याचा मुलगा परगावाहून येऊन तेथे गडगा घालील त्या दिवशी आपल्या घराचे बेट होते. वहिवाटीचा अडविलेला रस्ता मोकळा करून घेण्यासाठी 1906 चा मामलेदार कोर्ट अधिनियम अजून उपयोगी पडतो हे समाधान आहे. परंतु सत्तराव्या वर्षी तहसील कचेरीत तारखा करीत फिरावे लागणे हा निवृत्तीचा कार्यक्रम नव्हे.

या सर्व कसोट्या लावून मग कोणती गावे उरतात? माझ्या पसंतीचे पहिले नाव वाई आहे. कृष्णेचा काठ, घाट, चालत जाता येईल अशी पेठ, सातारा तासाभराच्या आत, पुणे दोन-अडीच तासांवर, आणि ज्याला महाबळेश्वरचा देखावाच हवा असेल त्याच्यासाठी पसरणीचा घाट समोर उभा. सकाळी जाऊन संध्याकाळी कोरड्या घरात परत यावे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम ज्या गावात बसून चालविले, त्या गावात निवृत्त माणसाला वाचावयास पुस्तक आणि बोलावयास माणूस मिळणार नाही असे होत नाही. समुद्राची ओढ ज्याला आवरत नाही त्याने दापोलीचा विचार करावा. इंग्रजांनी ज्या टेकड्यांवर छावणी वसविली, आणि म्हणून जुनी माणसे ज्याला अजून कॅम्प दापोली म्हणतात, ते गाव समुद्रापासून सात-आठ किलोमीटर आत आणि बरेच उंचावर आहे. खारा वारा तेथे बोथट होऊन पोहोचतो, 1972 पासूनच्या कोकण कृषी विद्यापीठामुळे शिकलेल्या लोकांची वस्ती आहे, आणि हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहून दुपारच्या जेवणाला घरी परतता येते. दापोलीचा उणेपणा रेल्वेचा. खेड स्थानक जवळपास तासभर लांब आहे. ती अडचण सावंतवाडीला कमी, आणि गोवाही तेथून हाताशी. या गावांत समुद्र खिडकीतून दिसत नाही हे खरे. तो पाहावयास एस.टी.ने जाता येते, आणि पंचाहत्तरी पुरी केलेल्या माणसाला 2022 पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे, पासष्टीनंतर अर्ध्या तिकिटात. गावात दिवसाला किती एस.टी. येतात हे पाहणे ही माझ्या दृष्टीने गावाची सर्वांत खरी परीक्षा आहे. जेथे लाल गाडी पोहोचते तेथे पोस्टमन पोहोचतो, भाजीवाला पोहोचतो आणि मोलकरीणही वेळेवर येऊ शकते.

आणखी एक गोष्ट, जी नवरा-बायको घर पाहावयास जातात तेव्हा बोलत नाहीत. दोघांपैकी एकजण आधी जाणार, आणि पुष्कळदा मागे राहते ती बाई. तिला त्या घरात एकटीला राहता येईल काय? सुट्टीच्या घराचा बेत बहुधा नवऱ्याचा असतो, आणि तेथे गेल्यावर पाहुण्यांचा स्वयंपाक तिच्याच गळ्यात पडतो. एवढ्यावर तिची गावाची ओळख संपते. शहरात तिची भिशी असते, भजनीमंडळ असते, खालच्या मजल्यावरची मैत्रीण असते. टेकडीवरच्या बंगल्यात तिच्या वाट्याला राखणीचा गडी आणि त्याचा कुत्रा येतो. म्हणून गावाची अखेरची पसंती तिची असावी, खरेदीखतावर तिचे नाव असावे, आणि शक्य असेल तर घर विकत घेण्यापूर्वी त्याच गावात एक पावसाळा भाड्याने काढून पाहावा, तोही दोघांनी मिळून. भाड्यात गेलेले पैसे वाया गेले असे ज्यांना वाटते त्यांनी ते मुद्रांक शुल्काच्या रकमेशी ताडून पाहावेत.

घराच्या आराखड्याबद्दल फार लिहावयाचे कारण नाही. निजावयाची एक खोली आणि संडास-न्हाणी तळमजल्यावर असावी, न्हाणीची फरशी खरखरीत असावी, दाराची रुंदी चाकाची खुर्ची जाईल इतकी असावी. गच्चीवरून सूर्यास्त दिसावा म्हणून वर चढविलेली मुख्य खोली पन्नाशीनंतर अडगळीची होते. बाग लहान असावी. अर्धा एकर कलमांची मशागत करण्यास जो गडी लागतो त्याची मजुरी, मर्जी आणि गैरहजेरी सांभाळणे ही एक नवी नोकरीच होऊन बसते.

अखेरीस गावाची बाजूही विचारात घेतली पाहिजे. किनाऱ्यावरच्या कित्येक वाड्यांत आता बाहेरच्यांचे बंगले वर्षाचे अकरा महिने बंद असतात. त्यांच्यापायी जमिनीचे भाव असे चढले की गावातल्याच मुलाला घर बांधावयास दोन गुंठे घेता येत नाहीत, आणि त्यांच्या कूपनलिकांनी भोवतालच्या विहिरींचे पाणी ओढले अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. अशा गावात वीस वर्षे शनिवार-रविवारचा पाहुणा म्हणून वावरलेल्या माणसाने निवृत्तीच्या दिवशी एकदम शेजारधर्माची अपेक्षा करावी, हे गावकऱ्यांना मानवत नाही, आणि मानवू नये. ज्याला पुढे तेथे राहावयाचे आहे त्याने घरपट्टी-पाणीपट्टी वेळेवर भरावी, गावच्या सुताराला आणि गवंड्याला काम द्यावे, शाळेच्या किंवा देवळाच्या वर्गणीत हात आखडू नये, आणि मुक्काम हलविल्याबरोबर मतदार यादीत आपले नाव त्या गावी लावून घ्यावे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी बहुतेक गावांत ग्रामसभा भरते. नळाची नवी लाइन कोणत्या आळीतून न्यावयाची आणि उन्हाळ्यातला टँकर आधी कोणत्या वाडीत फिरवावयाचा, हे प्रश्न तेथे निघतात, आणि बंद बंगल्यांच्या मालकांपैकी कोणी त्या वेळी हजर नसतो.